महाजन मास्तर आणि अठरावा चौक

सन २०१२. मला तेव्हा एकोणसाठावं चालू होतं, आणि झिपा नाईकाचा चार-चार ओळींच्या बेचाळीस चौकांचा पोवाडा अख्ख्या तापीकाठात माझ्याइतका कोणाला येत नाही, असं मी छाती ठोकून सांगत होतो. खोटं नव्हतं. शाळा मी दुसरीत सोडली. कागद बघून गाणाऱ्याला मी आजही गाणारा मानत नाही. आमच्याकडे पोवाडा आजोबांनी धरला, आजोबांकडून बापाकडे आला, बापाकडून माझ्याकडे. तोंडातून कानात. गाव आमचं धूलकोटच्या अलीकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मारुतीच्या पारावर तो होतो. डफ माझा, मागं ओळ उचलून धरणारे दोन झीलकरी, पुढं सगळं गाव.

महाजन मास्तरांवर खरं तर कोणी शिकलेल्यानं लिहायला पाहिजे होतं. पण शिकलेल्यांनी त्यांना कधी नीट बघितलंच नाही, म्हणून मी लिहितो. चूकभूल माझी.

झिपा नाईक हा इंग्रजांच्या वेळचा बागी. डोंगरात राहायचा, सरकारी धान्य लुटून खाली वाटायचा. फौजेला सापडला नाही. शेवटी आमच्या गावात एका घरी त्याला भाकर वाढली, बसवून ठेवला, आणि मागच्या दारानं ठाण्याला निरोप गेला. भाकर वाढणारा माझा पणजोबा, काशी पाटील. हे इथंच सांगून टाकतो. कारण मास्तरांची आणि माझी सहा वर्षांची ओढाताण या एका नावावरून झाली.

आमच्या गाणाऱ्यांची एक रीत आहे. ज्या गावात गायचं, त्या गावातल्या घराला लागेल अशी ओळ गिळायची. तिच्या जागी डफावर नुसती थाप. ज्याची भाकर खाल्ली त्याची लाज काढायची नाही. गाव सुटलं की ओळ परत तोंडात. माझ्या बापानं मात्र थापसुद्धा ठेवली नाही. काशी पाटलाचं नाव असलेली ओळच त्यानं काढली, तिथं दुसरी बसवली, आणि सगळ्या गावांत तीच म्हणू लागला. खरी ओळ मला त्यानं आयुष्यात एकदाच ऐकवली, केळीत पाणी सोडताना. म्हणाला, "तुला येऊ दे. पण म्हणू नको." मी म्हटली नव्हती.

तर त्या करीला बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातून एक माणूस लुना घेऊन आला. सीटवर घरून आणलेली उशी बांधलेली, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. हेच महाजन मास्तर, तिथंच मराठी शाळेत होते, रिटायर होऊन आठ वर्षं झालेली. पोवाडा संपेपर्यंत पाराच्या कडेला बसले. वही काढली नाही. फक्त उजव्या हाताचा अंगठा बाकीच्या बोटांच्या पेरांवरून फिरत होता, जप करतात तसा. मला वाटलं, कोणी बुवा आहे.

नंतर जवळ येऊन म्हणाले, "पाटील, हा सगळा लिहून घ्यायचा आहे."

मी म्हटलं, "लिहिलं की गाणं मरतं."

"बरं," म्हणाले, आणि लुनाला किक मारून गेले.

हे त्यांचं "बरं" आम्हाला पुढं ओळखू यायला लागलं. आखूड "बरं" म्हणजे ऐकलं. लांब "बरं" म्हणजे पटलं नाही, पण भांडत नाही. आणि गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत आला की समजायचं, तिसरं "बरं" होतं. ते दुसऱ्या दिवशी परत आले. सोबत बुऱ्हाणपूरची मिठाई, दराबा. माझ्या बायकोच्या हातात डबा देऊन म्हणाले, "वहिनी, हे लाच आहे." ती म्हणाली, "मग बसा, कामच झालं तुमचं."

आणि झालंच. त्यांनी सूप मागितलं, तिनं आणून दिलं, आणि मोजणी सुरू झाली. त्यांच्या दुसऱ्या खिशात पुडी होती, आणि पुडीत तुरीची डाळ. मी ओळ म्हणायची. मास्तर सुपात डाळ मांडायचे, लहान अक्षराला एक दाणा, लांब अक्षराला दोन. पहिल्या चौकाच्या चार रांगा मांडल्या त्या मला अजून दिसतात:

झिपा नाईक डोंगर चढला
हाती भाला कमरी शेला
सरकाराचा घोडा सुटला
भुकेल्या घरी दाणा पडला

"मोजा," म्हणाले. मी मोजले. चारही रांगांत सोळा सोळा. आठावर एक फट, परत आठ. मी जन्मभर जे तोंडानं करत होतो ते सुपात सरळ रेषेत पडलेलं. कोणी तुमच्या पाठीवरचा तीळ तुम्हाला आरशात दाखवावा, तसं वाटलं.  तरी म्हटलं, "हे न मोजताच बसतं आमचं."

"म्हणून तर मोजतो," मास्तर म्हणाले. "ज्यानं बसवलं त्याला दुसरीसुद्धा शाळा नव्हती."

बायको मागून म्हणाली, "मास्तर, मोजून झाली की तीच डाळ निवडूनही द्या."

त्यांनी खरंच निवडून दिली. त्या दिवसापासून दर आठवड्याला ते डाळ आणायचे आणि जाताना निवडून आमच्याच डब्यात टाकायचे. चौक पुरा झाल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. चहा गार व्हायचा, बायको परत गरम करायची आणि शिव्या मला द्यायची.

आठावर फट का, हा त्यांना लागलेला पहिला घोर. महिनाभर विचारत राहिले. मी सांगायचो, "तिथं थांबतात." "का थांबतात?" "अहो, थांबतात म्हणजे थांबतात!" एक दिवस सकाळी आले आणि म्हणाले, चला, डोंगर चढू. सहासष्ट वर्षांचा माणूस, पायात शहरी सँडल. वाटेवर मला म्हणायला लावलं, स्वतः मागून म्हणत आले. अर्ध्या चढाला दगडावर बसले. तोंडाला फेस यायचा बाकी होता. पण डोळे हसत होते.

"श्वास," म्हणाले. "चढताना आठव्याला श्वास घ्यावाच लागतो. हे बसून रचलेलं नाही, पाटील. चालून रचलंय."

मी म्हटलं, "हे घरी विचारलं असतं तरी सांगितलं असतं मी."

"सांगितलं असतं. पण मला दम लागला नसता."

ऐकीव गोष्ट ते तपासल्याशिवाय ठेवत नसत, आणि ऐकल्याशिवाय लिहीत नसत. हा त्यांचा दुसरा हट्ट. "कानानं आलं तेच कागदावर" असं म्हणायचे. वहीत प्रत्येक चौकाखाली गाणाऱ्याचं नाव, गाव आणि वार. मी एकदा म्हटलं, एवढं काय लिहिता, चोरी थोडीच करून राहिले? तर म्हणाले, "नाव लिहिलं नाही तर चोरीच आहे."

हे त्यांनी एकदा भर लोकांत करून दाखवलं. बुऱ्हाणपूरला गणपतीत एका मंडळानं कार्यक्रम ठेवला होता. एका जवान गायकानं कीबोर्डवर झिपा नाईक म्हटला. आवाज गोड, खोटं का बोलू. पण आमच्यात प्रत्येक चौकाची तिसरी ओळ तीनदा म्हणतात, ती त्यानं एकदाच म्हटली आणि पुढं धावला. संपल्यावर मास्तर स्टेजपाशी गेले.

"तिसरी ओळ एकदाच का?"

"सर, पब्लिक बोर होती है. एकच लाइन तीनदा कोण ऐकून घेतो आता?"

मास्तर म्हणाले, "पहिल्यांदा ती ओळ गाणाऱ्याची असते. दुसऱ्यांदा झीलकऱ्याची. तिसऱ्यांदा पब्लिकची. तू पब्लिकची ओळ खाल्लीस, म्हणून ती बोर झाली." मग मागं वळून, माइक चालू असताना, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मला त्या सुपडू पाटलांनी शिकवलं. मी पुस्तकात शोधत होतो."

सगळ्या मांडवानं वळून बघितलं. त्या रात्री मी घरी जेवलो नाही तरी चाललं असतं.

आता अठरावा चौक. तो आला तेव्हा आम्हाला सात महिने झाले होते.  मी म्हटला तो बापानं बसवलेला:

उन्हात आला गावापाशी
तीन दिसांचं पोट उपाशी
कुणी दिली त्याला भाकर
घात जाहला भरल्या दिवशी

मास्तरांनी डाळ मांडली. तिसरी रांग दोन दाण्यांनी आखूड. माझी बायको चहा घेऊन आली, सुपात बघितलं आणि भोळेपणानं म्हणाली, "आज डाळ कमी पडली का मास्तर?"

मास्तरांनी परत मांडली. परत चौदा. मग शेवटच्या अक्षरांवर बोट ठेवलं. पाशी, उपाशी, दिवशी. आणि मधे भाकर, जशी दुसऱ्याच्या लग्नात येऊन बसलेली.

"पाटील, बेचाळीस चौकांत एकशे अडुसष्ट ओळी होतील. मी आजवर ऐकलेल्या सगळ्या जुळतात. ही एकच नाही. इथं काही झोल आहे."

मी उठलो. म्हटलं, "आमच्या घरचं गाणं आहे. झोल म्हणायचं तर बुऱ्हाणपूरला जाऊन म्हणा." डफ खुंटीला लावला. बायको तोंडाला पदर लावून उभी.

"बरं," मास्तर म्हणाले. लांबही नाही, आखूडही नाही. वहीत तिसऱ्या ओळीच्या जागी त्यांनी सोळा टिंबं काढली, आणि डाळ निवडायला बसले. जाताना एवढंच विचारलं, "हा चौक दुसरं कोणी म्हणतं का, कुठं?"

डोईफोडिया गावात एक म्हातारा गाणारा होता. त्याच्या घरात जुना पाठ होता आणि त्याला काशी पाटलाची लाज धरायचं काही कारण नव्हतं. मला पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, "कोणी नाही."

त्याच उन्हाळ्यात तो म्हातारा गेला. मास्तरांना हे दोन महिन्यांनी बाजारात कळलं, तो होता हेही आणि गेला हेही. ते घरी आले. मला वाटलं आता भांडतील, आणि मी भांडायला तयार होतो. ते ओट्यावर बसले, पाणी प्याले. म्हणाले, "म्हणजे आता ती ओळ या जगात एकाच तोंडात राहिली." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वही उघडून अडलेला एकोणिसावा चौक सुरू केला.

पुढची पाच वर्षं त्यांनी त्या ओळीचं नाव काढलं नाही. बाकीचे चौक झाले. टिपणं झाली, कुठला चौक कुठं लांबतो, कुठं डफ थांबतो, कुठं एकच शब्द मुद्दाम दोनदा येतो. छापणारा तयार होता. सगळे म्हणायचे, मास्तर, एका ओळीसाठी काय अडून राहिले, आहे तशी छापा. ते म्हणायचे, "आहे तशी म्हणजे कशी? खोटी ओळ माझ्या हातानं खरी होईल." कोणी म्हणायचं, मग तुम्हीच जुळवून घाला, तुम्हाला काय अवघड आहे? त्यावर रागवायचे. त्यांना रागावलेलं मी तेवढ्यावरच बघितलं. दरम्यान एका डोळ्यानं दिसेनासं झालं, लुना विकली, मग बसनं यायचे, मग येणं बंद झालं. मी गेलो नाही. मला वाटायचं, गेलो तर ते विचारतील. आणि विचारलं नाही तर त्याहून वाईट.

२०१८ च्या थंडीत त्यांच्या मुलीचा, सुमनचा, फोन आला. "काका, बाबा तुमची वाट बघून राहिले. पण मी फोन केला असं सांगू नका, ते ओरडतील."

दुपारी लोधीपुऱ्यात पोचलो. खोलीत खाट, खाटेशेजारी टेबलावर औषधं आणि त्या वह्या. छातीत पाणी झालेलं. चार शब्द बोलले की थांबायचे. मला बघून म्हणाले, "सुमीनं फोन केला ना?"

मी म्हटलं, "नाही, बाजाराला आलो होतो."

"आज बाजार नाही," म्हणाले.

मग बराच वेळ वहिनींची, केळीच्या भावाची चौकशी. आणि मग सावकाश: "पाटील, एक राहिलं विचारायचं. तिसरी ओळ तीनदा. तुमची, झीलकऱ्याची, लोकांची. अठराव्या चौकात मात्र तिन्ही वेळा तुम्ही एकटेच म्हणता. झीलकरी गप्प. का?"

"बापानं तसं शिकवलं."

"त्यांना?"

"आजोबांनी."

"आजोबा म्हणजे काशी पाटलांचे चिरंजीव."

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला. त्यांनी नाव घेतलं होतं.

"उपाशीला जुळणारं नाव तुमच्या गावात असून किती असणार," मास्तर म्हणाले. "चौक मोजला त्याच आठवड्यात लागलं होतं ध्यानात."

"मग लिहिलं का नाही?"

"ऐकलं नव्हतं."

सुमननं त्यांना टेकवून बसवलं. ते दम घेत घेत बोलले. "ओळ तुमच्या वडिलांनी बदलली. आजोबांच्या हातची दोन मात्रांनी आखूड पडली नसती. पण एकट्यानं म्हणायचं, ते वडिलांनी तसंच ठेवलं. त्यांना ते दिसलंच नाही. 'कुणी दिली त्याला भाकर' यात एकट्यानं तीनदा म्हणण्यासारखं काय आहे? हे तर सगळ्या गावानं विचारावं. एकटा माणूस तीनदा काय म्हणतो, पाटील? कबूल करायचं असतं ते." परत थांबले. "मी रीत ऐकली होती तुमची, थाप मारून ओळ गिळायची. आजोबांना ती मोकळीक होती. आपल्याच गावात, आपलंच घर. त्यांनी गिळली नाही. ज्या घरानं झिपाला धरून दिलं, त्या घरच्या मुलानं डफ घेतला आणि स्वतःच्या पारावर बापाचं नाव एकट्यानं घेतलं. असं मला वाटतं. पक्कं नाही. ते तुम्ही ठरवा."

पासष्ट वर्षं मी समजत होतो की आमच्या घरानं पोवाडा सांभाळला हा आमचा मान. तो का सांभाळायला घेतला, हे मी कधी विचारलं नव्हतं. माझ्या बापानंही नाही. आम्ही ओळ लपवली आणि ज्यानं ती मांडली त्यालाच पुसलं.

डफ नव्हता. मी मांडीवर हात मारला आणि म्हटली:

भाकर वाढी पाटिल काशी

एकदा, दोनदा, तीनदा.  सुमननं वही उघडून सोळा टिंबांच्या खाली लिहायला घेतली, तर मास्तरांनी हात वर केला.

"अजून नको. तुमच्या भाऊकीत सांगा आधी. पुस्तकातून कळू नये कोणाला."

मी म्हटलं, "लिहू द्या. सांगायचं ते मी सांगेन."

"दगडूदादांना सांगाल?"

दगडूदादा माझा चुलतभाऊ, आमच्या भाऊकीत सगळ्यात मोठा, ऐंशीच्या पुढचा. घराण्याच्या नावाला कोणी बोट लावलं तर काठी उचलणारा.

"सांगेन," मी म्हटलं.

मास्तरांनी सुमनला मान हलवून खूण केली. ती लिहीत होती तेव्हा ते तिच्या हाताकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. बाहेर कोणाच्या तरी बैलगाडीतून विटा उतरत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी निघालो तेव्हा त्यांनी मला थांबवलं नाही, आणि मीही नमस्कार करायचा विसरलो. तेच शेवटचं बघणं. त्यानंतर ते बारा दिवस होते. पुस्तक सुमननं काढलं. अठराव्या चौकाखाली माझं नाव आहे, गाव आहे, वार आहे.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि चहा न घेता दगडूदादाच्या वाड्यात गेलो. तो म्हशीपाशी बादली घेऊन बसत होता.

"काय रे सुपड्या, इतक्या लवकर?"

मी उभ्या उभ्या सांगितलं. काय म्हटलं, कोणापुढं म्हटलं, कुठं छापून येणार. 

"तुझ्या बापानं जे झाकलं ते तू उघडं केलं?"

"आज्यानं उघडं ठेवलं होतं, दादा. बापानं झाकलं."

"लोक काय म्हणतील आपल्या पोरांना?"

"काशी पाटलाची म्हणतील. आहेतच."

"लाज वाटत नाही?"

"वाटते. म्हणून आलो सांगायला."

त्यानं घराच्या दाराकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "कशी आहे ती? मला कोणी कधी ऐकवलीच नाही."

ऐंशी वर्षं तो ज्याची राखण करत होता ते त्यानं ऐकलेलं नव्हतं. मी म्हटली. त्यानं डोळे मिटले. म्हैस पाय आपटत होती, आत सून भांडी घासत होती ती थांबली.

"करीला माझ्या दारावरून डफ नेऊ नको," दादा म्हणाला. त्यानं बादली पुढ्यात ओढली, पण धार काढेना. मी ती त्याच्या हातातून घेतली, म्हशीच्या अंगाला टेकून बसलो आणि धार काढली. तो बाजूला उभा राहिला. मला उठ म्हणाला नाही.